दोन चांदूर आणि एक तिकीट

अमरावतीच्या स्टँडवर कोणी नुसतं "चांदूर" म्हटलं, की समोरचा लगेच विचारतो, "कोणतं? रेल्वे का बाजार?" एकाच जिल्ह्यात एकाच नावाची तालुक्याची दोन गावं, म्हणून हा प्रश्न. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लोहमार्गाची ओळ भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली. तिच्या वाटेवर आलं ते चांदूर रेल्वे झालं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडचं चांदूर आपल्या बाजाराच्या नावानं ओळखलं जात राहिलं. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं चांदूर बाजारच्या माणसाला मोठ्या लाइनची गाडी धरायची तर अमरावती किंवा बडनेरा गाठावं लागे. नाहीतर शेजारच्या अचलपूरला जाऊन छोट्या लाइनच्या 'शकुंतला' या गाडीत बसावं लागे. अमरावती ते नरखेड ही सुमारे 138 किलोमीटरची लाइन या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली आणि चांदूर बाजारला स्वतःचा फलाट मिळाला. वलगाव, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड असा संत्र्याचा सगळा पट्टा रुळांनी जोडला गेला.

गावात गाडी येते तेव्हा तिच्याबरोबर गाडीचा कायदाही येतो. संत्र्याच्या पेट्या, कॉलेजची पोरं, बहिरमच्या यात्रेला जाणारी मंडळी यांच्याबद्दल सगळे बोलतात. पण डब्याच्या दारातून पडलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हे फलाटावर कोणी सांगत नाही. त्याच्या घरच्यांनी कोणाकडं जायचं, काय सिद्ध करायचं, किती दिवसांत करायचं, याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आणि तो दारूकामाच्या एका स्फोटापासून सांगावा लागतो.

स्फोट बंगालकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ईस्ट इंडियन रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाजवळच्या शोभेच्या दारूनं पेट घेतला आणि एक तरुण प्रवासी मेला. त्याचे वडील कालिदास मुखर्जी यांनी कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यांच्यापुढं 1855 चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता. इंग्लंडमध्ये रेल्वे वाढल्यावर 1846 साली झालेल्या कायद्याच्या धर्तीवर तो हिंदुस्थानात आला होता. दुसऱ्याच्या हयगयीमुळं माणूस मेला तर त्याच्या बायकोपोरांना आणि आईबापांना भरपाई मागता येईल, एवढं त्यानं मान्य केलं होतं. त्याआधी मेलेल्या माणसाबरोबर त्याचा दावाही मरत असे.

कलकत्त्याच्या हायकोर्टानं बापाच्या बाजूनं कौल दिला. गाडी कंपनीची, डबा कंपनीचा. स्फोटक सामान आत कसं आलं याचा खुलासा कंपनीनंच करावा, असा त्यामागचा विचार होता. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडं गेली. 1901 साली तिथं निकाल फिरला. रेल्वे ही प्रवाशांच्या सुरक्षिततेची विमा कंपनी नाही, तिची हयगय झाली हे वादीनं सिद्ध केलं पाहिजे, असं ठरलं. गठ्ठ्यात दारू आहे हे कंपनीच्या नोकरांना दिसायला हवं होतं, तरी त्यांनी दुर्लक्ष केलं, असा पुरावा बापानं आणायचा होता. तो त्यानं कुठून आणावा? साक्षीदार डब्यात होते, ते पांगले. नोकर कंपनीचे. दप्तर कंपनीचं.

मला हा निकाल कठोर वाटतो, आणि तो कठोर का वाटतो हे सांगायला हवं. हयगय सिद्ध करायची तर आतली माहिती लागते. सिग्नल कोणी दिला, सांधा कोणी बदलला, रुळाची तपासणी शेवटची केव्हा झाली, हे सगळं रेल्वेच्या कागदांत. प्रवासी डब्यात झोपलेला असतो. त्याचा पाय तुटतो तेव्हा ब्रेक का लागले नाहीत हे त्याला कसं कळणार? कायद्यातली ही एक ओळ, "चूक सिद्ध करा", वऱ्हाडातल्या शेतमजुराला दाव्यातून बाहेर ठेवायला पुरेशी होती.

नवलाची गोष्ट अशी, की सत्तावीस वर्षांनी अमेरिकेतही एका रेल्वेचा असाच खटला गाजला आणि त्यातही शोभेची दारूच होती. 24 ऑगस्ट 1924 रोजी न्यू यॉर्कमधल्या एका स्टेशनवर हेलन पाल्सग्राफ नावाची बाई मुलींना घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जायला उभी होती. सुटत्या गाडीत चढणाऱ्या एका माणसाला रेल्वेच्या नोकरांनी हात दिला. त्याच्या काखेतलं पुडकं रुळावर पडलं आणि फुटलं. दूरवरचा एक वजनकाटा बाईच्या अंगावर कोसळला. ज्यूरीनं तिला 6,000 डॉलर दिले. 1928 साली न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ते काढून घेतले. पुडक्याला धक्का लागला तर एवढ्या लांब उभ्या असलेल्या बाईला इजा होईल, हे नोकरांना दिसण्यासारखं नव्हतं, असं न्यायमूर्ती कार्डोझो म्हणाले. आजही कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला वाचावाच लागतो.

तिथल्याच आणखी एका खटल्यानं तर देशाची न्यायव्यवस्थाच बदलली. 1934 च्या जुलैतल्या एका रात्री पेनसिल्व्हेनियात हॅरी टॉम्पकिन्स रुळांच्या कडेनं घरी चालला होता. जाणाऱ्या ईरी रेल्वेच्या गाडीतून दारासारखं काहीतरी बाहेर आलेलं होतं. त्याचा तडाखा बसला आणि त्याचा उजवा हात गेला. त्यानं संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला आणि ज्यूरीनं 30,000 डॉलर दिले. 25 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की अशा दाव्यात संघराज्याचे न्यायाधीश आपला वेगळा सामान्य कायदा लावू शकत नाहीत, त्या त्या राज्याचाच कायदा लावायचा. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात रुळाकडेनं चालणारा हा आगंतुक ठरत होता. टॉम्पकिन्सला शेवटी एक डॉलरही मिळाला नाही. कायद्याच्या पुस्तकात त्याचं नाव अजरामर झालं, हात मात्र गेला तो गेलाच.

या सगळ्या खटल्यांत न्यायाधीश एकच प्रश्न विचारत होते: चूक कोणाची?

हिंदुस्थानात या प्रश्नाला पहिला धक्का 1943 साली बसला. महायुद्ध चालू होतं, चले जाव चळवळीला एक वर्षही झालं नव्हतं. त्या वर्षी 1890 च्या रेल्वे कायद्यात 82-अ हे कलम घातलं गेलं. प्रवासी गाडीची टक्कर झाली, गाडी रुळावरून घसरली किंवा गाडीला तसाच दुसरा अपघात झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, तिनं भरपाई द्यायची. मर्यादा माणशी 10,000 रुपये. बापानं आता हयगय शोधत फिरायची गरज उरली नाही. हा बदल फार मोठा होता. कामगारांच्या भरपाईचा कायदा 1923 साली याच दिशेनं गेला होता. पण ज्या प्रवाशाचा रेल्वेशी संबंध फक्त एका तिकिटापुरता, त्यालाही चुकीच्या प्रश्नातून सोडवणं ही वेगळी गोष्ट होती.

तरी एक मोठी फट राहिली. कायदा गाडीच्या अपघाताबद्दल बोलत होता, माणसाच्या अपघाताबद्दल बोलत नव्हता. गाडी रुळावर ठीक आहे, वेळेवर आहे, आणि तिच्या दारातून एक माणूस खाली पडला, तर 82-अ त्याच्या कामाचं नव्हतं. त्यानं पूर्वीसारखंच दिवाणी न्यायालयात जाऊन चूक सिद्ध करायची. आपल्याकडं प्रवाशांचा जीव जातो तो बहुतेक असाच, एकेकटा, दारातून. मोठ्या अपघाताची बातमी होते, दारातून पडलेल्याचा फक्त पंचनामा होतो.

इथं शकुंतलेची आठवण येते. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या छत्राखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला टाकला. दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर, रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनपर्यंत आणायला ती बांधली होती, माणसं मागून बसली. मँचेस्टरहून आलेल्या 1921 च्या वाफेच्या इंजिनानं तिला सत्तर वर्षांहून जास्त ओढलं. तिचा वेग इतका बेताचा, की चालत्या गाडीत चढणं-उतरणं हे अचलपूरकडच्या माणसाला जिना चढण्याइतकं सवयीचं होतं. शेताच्या कडेला उतरायचं, बांधावरून घरी जायचं. ज्यांनी हा प्रवास केला त्यांच्या मनात शकुंतला घरच्या गाईसारखी आहे. पण हीच सवय घेऊन माणूस मोठ्या लाइनच्या फलाटावर उभा राहिला आणि ताशी शंभर किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीच्या दांडीला त्यानं हात घातला, की हिशेब वेगळा होतो.

शकुंतलेचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 रोजी उतरवलं गेलं आणि तिथं डिझेल आलं. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून कायद्यातली ती पन्नास वर्षांची फट बुजली.

तोपर्यंत जुना कायदा जाऊन 1989 चा रेल्वे कायदा आला होता. रेल्वेच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण 8 नोव्हेंबर 1989 पासून काम करू लागलं होतं. प्रत्येक खंडपीठावर एक न्यायिक आणि एक तांत्रिक सदस्य, आणि आपल्या भागासाठी खंडपीठ नागपूरला. 1994 च्या दुरुस्तीनं 124-अ हे कलम घातलं आणि 'अनुचित घटना' अशी नवी संज्ञा आणली. गाडीत किंवा स्टेशनच्या आवारात दहशतवादी कृत्य, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ झाली तर ती अनुचित घटना. आणि शेवटी एक साधी ओळ: प्रवासी गाडीतून प्रवाशाचं अपघातानं पडणं. चूक कोणाची हा प्रश्न इथंही नाही. रेल्वेला सुटका फक्त पाच वाटांनी: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली गोष्ट, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार.

रक्कम ठरलेली असते. 1990 च्या नियमांत मृत्यूला 2 लाख होती, 1 नोव्हेंबर 1997 पासून 4 लाख, 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख. दोन्ही हात गेले, दोन्ही डोळे गेले तर मृत्यूइतकीच. पुढं हात, पाय, बोटं यांची यादीच नियमात दिली आहे. मजूर असो की साहेब, आकडा एकच. यावर टीका होते, आणि मोठ्या पगाराच्या माणसाच्या कुटुंबाला तो अपुरा पडतो हे खरं आहे. पण ज्याच्या हाती पगारपत्रक नाही, ज्याची कमाई मोसमात संत्रा तोडण्याची आणि बाकीचे महिने मिळेल त्या कामाची, त्याच्या विधवेला उत्पन्नाचा दाखला न आणता ही रक्कम मागता येते. माझ्या मते वऱ्हाडसारख्या भागात या ठरीव रकमेचं मोल फार आहे.

मग भांडण उरलं कशाचं? दाराचं आणि तिकिटाचं.

दाराचा वाद आधी. रेल्वेचा नेहमीचा बचाव असा: हा माणूस दारात उभा होता, किंवा चालती गाडी धरत होता, त्यानं स्वतःच ओढवून घेतलं. 2008 साली केरळातल्या एका प्रकरणात गाडीत चढताना पडून मेलेल्या बाईच्या घरच्यांना सर्वोच्च न्यायालयानं भरपाई दिली. अपघातानं पडणं या शब्दांत चढताना पडणंही येतं, कायदा प्रवाशाच्या भल्यासाठी आहे आणि त्याचा अर्थही तसाच लावायचा, असं न्यायालय म्हणालं. भारतात कोट्यवधी लोक रेल्वेनं जातात कारण त्यांच्याकडं स्वतःची गाडी नाही, हेही त्या निकालात आलं. दोन वर्षांनी आणखी एका निकालात स्पष्ट झालं, की उघड्या दारात उभं राहणं निष्काळजीपणाचं असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे.

तिकिटाचा वाद जास्त चिवट आहे. भरपाई फक्त प्रवाशाला, आणि प्रवासी म्हणजे ज्याच्याकडं वैध तिकीट किंवा पास आहे तो. प्लॅटफॉर्म तिकीटवालाही त्यात येतो. आता जुनं पुठ्ठ्याचं तिकीट आठवा. जेमतेम सव्वादोन इंच लांब, इंचाहून थोडंच रुंद, कडेला यंत्रानं दाबलेली तारीख. बोटांना ती तारीख लागत असे. ते जाऊन पातळ छापील कागद आला, जो घामानं विरघळतो. माणूस रुळाशेजारी पडतो. लोहमार्ग पोलीस येतात, पंचनामा होतो, अंगझडतीची यादी लिहिली जाते: एक रुमाल, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, काही सुटे पैसे. यादीत तिकीट असेल तर ठीक. नसेल तर रेल्वेचे वकील म्हणणार, हा प्रवासी नव्हताच, रूळ ओलांडताना धक्का लागला. आणि ज्या शर्टाच्या खिशात तिकीट होतं तो शर्ट दवाखान्यात कापून काढलेला असतो, फेकून दिलेला असतो. एवढ्याशा कागदावर कित्येक घरांचे दावे बुडाले.

9 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं भारत सरकार विरुद्ध रीना देवी या प्रकरणात यावर निकाल दिला. रुळाजवळ मृतदेह सापडला एवढ्यानं तो प्रवासी ठरत नाही, पण तिकीट सापडलं नाही एवढ्यानं तो प्रवासी नव्हता असंही ठरत नाही. वारसानं हकिकतीचं प्रतिज्ञापत्र दिलं, की सुरुवातीचा भार संपला. मग तो रेल्वेवर जातो आणि बाकीचं प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरतं. चढता-उतरता झालेली इजा निव्वळ हयगयीच्या सबबीवर 'स्वतःहून करून घेतलेली' म्हणता येणार नाही, हेही त्याच निकालात ठरलं. आणि अपघातानंतर भरपाईचे दर वाढले असतील तर अपघाताच्या दिवशीची व्याजासह रक्कम आणि निकालाच्या दिवशीची रक्कम यांतली जी मोठी असेल ती द्यायची.

1901 आणि 2018 हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. प्रश्न एकच: सिद्ध कोणी करायचं? प्रिव्ही कौन्सिलनं तो भार मुलगा गमावलेल्या बापाच्या डोक्यावर ठेवला. तो उतरायला आपल्या देशाला 117 वर्षं लागली, आणि तोही पूर्ण उतरलेला नाही. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं हे सांगणारा वकील जवळ असावा लागतो. मुलगा कोणत्या गाडीनं निघाला, स्टेशनवर कोणी सोडलं, तिकीट कोणासमोर काढलं, हे सांगणारा एखादा माणूस उभा राहावा लागतो. दावा असतो "भारत सरकार, मार्फत महाव्यवस्थापक" यांच्याविरुद्ध. हे शब्द अर्जावर वाचले की खेड्यातली बाई निम्मी घाबरते. सरकारवर दावा लावायचा म्हणजे आपलंच काही चुकेल, असं तिला वाटतं. तिनं घाबरू नये. कायद्यानं तिला दिलेली ही गोष्ट आहे, ती मागायला लाज नाही.

आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. मोठा अपघात झाला की अधिकारी येऊन रोख मदत देतात. सप्टेंबर 2023 पासून गाडीच्या अपघातातल्या मृत्यूला ही सानुग्रह मदत 5 लाख आहे, गंभीर जखमीला अडीच लाख. अनुचित घटनेत मृत्यूला दीड लाख. पैसे मिळाले, प्रकरण संपलं, असं घरचे समजतात. ती तातडीची मदत झाली. न्यायाधिकरणाची भरपाई वेगळी, आणि ती अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

चांदूर बाजारच्या फलाटावर उभं राहिलं की हा सगळा इतिहास डोळ्यांसमोर येतो. अचलपूरची छोटी लाइन आता बंद आहे. तिच्या सवयीतली पिढी अजून आहे, आणि तिची नातवंडं या नव्या लाइननं अमरावतीला ये-जा करतात. गाडी हलली तरी दांडी धरून धावणारं एखादं पोरगं दिसतंच.

म्हणून या गावच्या आणि या पट्ट्यातल्या लोकांना सांगणं आहे. तिकीट काढलं की मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवा. दुर्दैवानं काही घडलंच तर स्टेशन मास्तरच्या नोंदीची, पंचनाम्याची आणि शवविच्छेदन किंवा दवाखान्याच्या कागदांची नक्कल त्याच आठवड्यात मागा. जखमीचे कपडे खिसे तपासल्याशिवाय फेकू देऊ नका. दावा नागपूरच्या रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो, त्याच्या निकालावर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. अर्जाची मुदत घटनेच्या दिवसापासून एक वर्ष आहे. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. तेराव्यानंतरच्या पहिल्या महिन्यातच वकिलाला भेटा.